वाणातली सुरी

तीळ भाजायला घेतले की ओट्यावरच्या हिरव्या मुठीच्या सुरीकडे माझ्याने बघवत नाही.

माझ्या लग्नाआधी, इंदूरला आमच्या शेजारी सुनंदा राहायला आली. गडचिरोलीच्या जंगलात बंदूक घेऊन फिरलेली, मग शरण आलेली. आता ब्लाउज शिवायची. आईने संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला आवर्जून बोलावलं. सगळ्या बायकांना वाण म्हणून भाजी चिरायची सुरी दिली. सुनंदासमोर मात्र आई थबकली आणि आतून साबणदाणी घेऊन आली.

सुनंदा हळूच म्हणाली, "काकू, भाजी तर मी बी चिरते ना जी."

"अगं, सुऱ्या खतम झाल्या ना!" आई हसली.

वाणाचं ताट माझ्याच हातात होतं. त्यात ही सुरी उरलेली होती, आणि सुनंदा तिच्याकडेच बघत होती.