पाणी भरायला कोण थांबणार?

माझं माहेर मनमाडचं. बाबा रेल्वेत होते, म्हणजे आख्ख्या घराला फिरायला पास. आणि तरीही माझ्या आईनं लग्नानंतर नाशिकच्या पलीकडे पाऊल टाकलं नव्हतं. कारण एकच, पाणी. आमच्याकडे नळ कधी पंधरवड्यानं येतो, कधी त्याहून उशिरा, आणि येईल त्या दिवशी घरात माणूस हवाच. चुकला की बसा शेजारीपाजारी हंडा घेऊन फिरत. लग्नाची तारीख काढतानासुद्धा आमच्याकडे आधी पाण्याचा अंदाज घेतात, पंचांग मागाहून.

मला नाशिकला, अंबडच्या एका कारखान्यात नोकरी लागली. खोलीत रोज सकाळी नळाला धो धो पाणी! त्याच दिवशी ठरवलं, आता पुन्हा हंड्याला हात लावायचा नाही. सुट्टी मिळाली की मी फिरायला मोकळी. परत आले की आईला फोटो दाखवायचे, तर ती देऊळ बघायची नाही की डोंगर बघायची नाही.

"इथले लोक पाणी कुठून आणतात गं?"

"आई, किल्ला बघ ना जरा!"

"बघितला. वर कातळात पाण्याची टाकी किती खोदलीत?"

असली चिडायचे मी! पण खोड लागली ती लागलीच. आता कुठंही गेले की माझे पाय आपोआप टाक्याकडे, बारवेकडे, झऱ्याकडे वळतात. झऱ्यात कुणी साबण लावून अंघोळ करताना दिसला की मी भांडते. सोबतचे म्हणतात, हिला फिरायला आणू नका.

गेल्या हिवाळ्यात बाबांनीच विषय काढला. "तू लेकीबरोबर केरळ बघून ये. रोज आपल्या दारावरून गाडी जाते. पाणी मी भरतो." आई इतकी हसली की ठसका लागला. बाबांनी जन्मात कधी पाणी भरलं नव्हतं. नळ यायचा तेव्हा साहेब नेमके ड्युटीवर. "तुम्ही? नळ गेल्यावर उठाल!" पण जायचं तिला होतं, डोळ्यांत दिसत होतं. शेवटी गाडीत बसली, तीही जीव मनमाडला ठेवून. नाशिक रोडला गाडी थांबली तेव्हा, "इथं उतरून परत जाऊ का?" असंही विचारून झालं.

केरळात आम्ही बॅकवॉटरच्या काठी एका घरी उतरलो. मागच्या पायरीलाच पाणी लागलेलं. आई पायरीवर बसली, पाय पाण्यात सोडले. मग म्हणाली, "बाई बाई बाई! आणि आपण भाज्या धुतलेल्या पाण्यावर तुळस जगवतो."

पहाटे धडाधड आवाज आला म्हणून उठले. बघते तर बादल्या, तांब्या, माझी बाटली, चहाचे कप, अहो, टेबलावरची फुलदाणीसुद्धा काठोकाठ भरलेली!

"अगं, हे काय?"

"धार मोठी होती. भरून ठेवलं."

मी कपाळावर हात मारला. तेवढ्यात घरमालकीणबाई चहा घेऊन आल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्या खूश! मोडक्या हिंदीत म्हणाल्या, छान केलंत, आता नळ परवाच. आईला हाताला धरून स्वयंपाकघरामागे घेऊन गेल्या. तिथं ओळीनं निळे ड्रम, तोंडाला फडकी बांधलेले. दारातलं एवढं पाणी, पण मचूळ. तोंडात घेववत नाही. पिण्याच्या पाण्याची वाट तेही बघतातच. आईनं एका फडक्याला हात लावून बघितला आणि चक्क मराठीत सांगितलं, "हे दुहेरी हवं." त्या बाईंनी मान डोलावली. झालं, जमली मैत्री.

दुपारी होडीतून निघालो. चिप्सचं पाकीट तरंगत आलं, ते आईनं वाकून उचललं, नावाडी घाबरून ओरडला. "पाण्यात घाण टाकायला हात धजावतात कसे मेल्यांचे!" आई म्हणाली. "महिनाभर मनमाडला पाठवा म्हणावं." इतक्यात आईचा फोन वाजला, तिनं स्पीकर लावला. बाबा होते.

"पाणी आलं."

आई उभीच राहिली. होडी डुचमळली, मी तिला खाली ओढलं. "शिळं पाणी झाडांना घातलंत का आधी?"

"घातलं."

"ड्रम खंगाळला?"

"हो."

"पितळी हंडा?"

"तोच पहिला भरला. आणि फडकं दुहेरी लावलं."

 पलीकडून बाबांनी विचारलं, "तिकडं कसं आहे पाणी?"

आईनं चहूकडे बघितलं. "खूप आहे हो," म्हणाली. "नजर पोचत नाही. पुढच्या वेळी तुम्ही या. मी थांबते घरी."

 मला राग आला, कुणाचा ते माहीत नाही. एकाचा जन्म रेल्वेत गेला, दुसरीचा रेल्वेच्या कडेला, आणि लांबच्या गाडीत दोघं शेजारी म्हणून कधी बसली नाहीत. किती प्रेम करावं या माणसांवर! मी फोन हिसकावून घेतला.

"बाबा, पुढच्या वेळी दोघं जा. मनमाडला मी येते. पाणी मी भरीन."

 आई माझ्याकडे संशयानं बघत होती. डोळे पुसले, नाक पुसलं, मग म्हणाली, "तुला जमेल? ड्रम आधी खंगाळायचा असतो."