सासऱ्याला खाली पाठवा

तिसरा विद्यार्थीही माझ्याशी न बोलता गेला, तेव्हा मी पलंगावर कूस बदलली. मॅडम म्हणाल्या, "मावशी, हलू नका. तुम्ही सिरियस आहात."

मिरजेतल्या एका मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलमध्ये मी बावीस वर्षं आया आहे. बायकांच्या वॉर्डात चादरी बदलणं, बेडपॅन देणं, पेशंटला एक्स-रेला नेणं ही माझी कामं. शिक्षण चौथी. डॉक्टरांपुढे तोंड उघडायची सवय नाही. आता मुलांना पेशंटशी कसं बोलायचं तेही वर्गात शिकवतात. त्याला कम्युनिकेशन स्किल म्हणतात. त्यासाठी खोटा पेशंट लागतो, कारण खरा पेशंट तेच दहा वेळा सांगत नाही. मला निवडलं, कारण मी कशालाच नाही म्हणत नाही.

रोल सोपा होता. पोटात दुखतंय. बीपीच्या गोळ्या महिनाभर बंद केल्यात, पण ते आपणहून सांगायचं नाही. नीट विचारलं तरच सांगायचं.

मी एवढंच म्हणाले होते, "मॅडम, आमच्याकडं बाई एकटी येत न्हाई."

म्हणून शंकररावांना सासरा केलं. ते वॉर्डबॉय, पण दोन वर्षांत रिटायर व्हायचेत. त्यांनी हौसेनं टोपी घातली आणि माझ्या उशाशी उभे राहिले.

मुलं एकेक करून आली. नमस्कार, स्वतःचं नाव, हसरा चेहरा, मान हलवणं, खांद्यावर हात. स्लाइडवर अशा पाच पायऱ्या होत्या, त्या सगळ्यांनी केल्या. मग विचारलं, "काय त्रास होतोय?" शंकरराव म्हणाले, "काय न्हाई, तिखट खाल्लं आसंल." मुलांनी ते लिहून घेतलं. पुढचे सगळे प्रश्न त्यांनाच. दहा विद्यार्थी झाले. माझा आवाज कुणीच ऐकला नाही. गोळ्यांचंही कुणाला कळलं नाही.

"वेळ कमी पडला," मॅडम म्हणाल्या. नेहा नावाच्या पुण्याच्या मुलीला सगळ्यात जास्त मार्क पडले.

शंकरराव हळूच म्हणाले, "आक्का, मार्क मला द्याय पायजे हुते. बोललो समदं मीच."

मॅडमनी लॅपटॉपची वायर गुंडाळता गुंडाळता विचारलं, "मावशी, काही सांगायचंय?"

"न्हाई," मी म्हणाले. पाठ मोडून आली होती.

वॉर्डात परत आले तर सात नंबरच्या बेडपाशी घोळ चालला होता. तिथं सारिका होती. वडूजच्या पलीकडच्या गावातली, पंचविशीची. नवरा लांब कोइमतूरला गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या दुकानात, म्हणून सोबत सासू-सासरे. तिला कावीळ झाली होती. आठ दिवस औषध चालू होतं, तरी रोजचा रिपोर्ट आदल्या दिवसापेक्षा वाईट. मोठे डॉक्टर नेहाला म्हणाले, "हिला बाहेरचं काहीतरी चालू आहे का बघ. नीट हिस्ट्री घे." हिस्ट्री म्हणजे आजाराची पहिल्यापासूनची हकिकत.

सासू डबा आणायला गेली होती. सासरा म्हणत होता, "गुण न्हाई तर कशाला ठिवायचं? सांजच्याला आमी घिऊन जातो."

याला आमच्याकडे डामा म्हणतात. डॉक्टर नको म्हणत असताना सही करून पेशंट न्यायचा. असे नेलेले पेशंट चार दिवसांनी उचलून आणलेले मी पाहिलेत. काही तेवढेही परत आले नाहीत.

नेहानं सगळं सकाळसारखंच केलं. खाली वाकली, खांद्यावर हात ठेवला. "ताई, बाहेरचं काही औषध घेता का?"

सारिकानं सासऱ्याच्या पायांकडे बघितलं. "न्हाई."

"आवं, हितलीच चालू हाईत की," सासरा म्हणाला. नेहानं लिहून घेतलं आणि बाहेर आली.

पॅसेजमध्ये मी चादरी मोजत होते. पूर्वी एकदा मी एका डॉक्टरांना पेशंटबद्दल काहीतरी सांगायला गेले होते. ते म्हणाले, "मावशी, तुमची डिग्री कुठली?" सिस्टर हसल्या. तेव्हापासून मी सांगत नाही. पण सकाळी दहा वेळा मी तशीच गप्प पडून होते. ते अजून अंगात होतं.

"डॉक्टर, सासऱ्याला खाली पाठवा."

"का?"

"त्यो हाय तवर ती बोलायची न्हाई."

"पण मी तिलाच विचारलं ना मावशी. आय कॉन्टॅक्टपण ठेवला."

"तुमी ठिवला. तिनं कुटं ठिवला?"

मीच बेडपाशी गेले. "आबा, केसपेपरवर शिक्का ऱ्हायलाय. खालच्या खिडकीत जावा."

"कसला शिक्का?"

"डॉक्टर सांगत्यात."

नेहाचे कान लाल झाले, पण तिनं मान हलवली. ही युक्ती माझी नाही, माझ्या आधीच्या आयांची. दोन जिने आणि खिडकीची रांग, म्हणजे वीस मिनिटं मिळतात.

नेहानं परत विचारलं. सारिका परत "न्हाई" म्हणाली. नेहा तिसऱ्यांदा विचारणार, तेवढ्यात मी तिचं कोपर दाबलं आणि चादरीचं टोक खोचत राहिले. बराच वेळ कुणी बोललं नाही. नेहा पेनाचं टोपण काढत होती, घालत होती.

"आत्याबाईंना सांगू नगा," सारिका म्हणाली. आत्याबाई म्हणजे सासू. "त्या पुडी देत्यात. काविळीची."

"कवापास्नं?" मी विचारलं.

"डोळं पिवळं दिसलं तवापास्नं. हितंबी देत्यात. ताकातनं. म्या पीस्तवर आबा हितंच हुभं ऱ्हात्यात."

ताकाची बाटली लॉकरवरच होती. रोज दुपारी मी ती उचलून लॉकर पुसत होते.

नेहा बाटली घेऊन धावत गेली. सासरा संतापून वर आला. "खिडकीत म्हणत्यात, असला शिक्काच न्हाई!" मोठ्या डॉक्टरांनी त्याला आत घेतलं. सुनेचं नाव काढलं नाही, रिपोर्टवरूनच दिसतंय असं म्हणाले. म्हातारा खुर्चीत बसला. "वाइटासाठी दिलं व्हय सायेब? गुण यावा म्हनूनच की."

त्यानं सही केली नाही. ताक बंद झालं. दोन-तीन दिवसांनी रिपोर्ट उतरायला लागले आणि पंधरवड्यानं सारिका आपल्या पायांनी घरी गेली. जाताना ती माझ्याशी काहीच बोलली नाही. सासऱ्यानं मात्र थांबून विचारलं, "त्या शिक्क्याचं काय झालं वो शेवटी?"

नेहानं मॅडमना सगळं सांगितलं असावं. पुढच्या बॅचला स्लाइडवर सहावी पायरी आली: नातेवाइकांना बाहेर पाठवा. आता मुलं सगळ्यांच्याच नातेवाइकांना खाली पाठवतात. परवा पक्षाघातानं वाचा गेलेल्या म्हातारीच्या लेकीलाही पाठवलं. मग म्हातारीला विचारत बसले. खिडकीतला क्लार्क वर येऊन भांडून गेला.

नव्या बॅचला मी पुन्हा पेशंट झाले. बारा विद्यार्थ्यांनी शंकररावांना बारा वेळा दाराबाहेर काढलं आणि लगेच माझ्यापुढे वाकून म्हणाले, "हं, बोला आता." मला बोलता येईना. माणूस बाहेर काढायला मिनिट लागतं. त्यानंतर आपण गप्प बसायचं असतं, आणि त्यालाच वेळ लागतो. ते स्लाइडवर नाही.

मॅडमनी वायर गुंडाळत विचारलं, "मावशी, काही सांगायचंय?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी "न्हाई" म्हणाले.