टाकीबाई

विज्ञानाच्या बाईंना पोरं पाठीमागे टाकीबाई म्हणायची आणि बाईंना ते मनातून आवडायचं. शाळेच्या छपरावरचं पावसाचं पाणी पन्हाळीतून टाकीत साठवायचं, हे खूळ त्यांचंच. हवामान बदलतंय, थेंब न् थेंब धरून ठेवा, हे त्यांनी घसा बसेपर्यंत शिकवलं. पण टाकी बघायला पाहुणे यायचे, आणि त्यांना ती काठोकाठ भरलेली दिसायला हवी, म्हणून बाईंनी नळालाच कुलूप ठोकलं.

पोरांनी कुंपणाशी रोपं लावली होती. उन्हाळ्यात रोपांनी माना टाकल्या तशी पोरं पाणी मागायला आली.

"टाकीला हात लावाल तर याद राखा!" बाई खेकसल्या.

रोपं वाळली. पुढचा सगळा पाऊस त्या भरल्या टाकीवरून ओसंडून गटारात गेला, तरी बाईंच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. वर्षानुवर्षं असंच चाललं.

निवृत्ती तोंडावर आली असताना त्यांची एक जुनी विद्यार्थिनी लेकीला शाळेत घालायला आली. चिमुरडी धावत जाऊन नळाशी झोंबू लागली.

"अगं सोड, सोड!" आईनं तिला मागं ओढलं. "ते पाणी वापरायचं नसतं, नुसतं बघायचं असतं. आमच्या बाईंनीच शिकवलंय." आणि ती मोठ्या कौतुकानं बाईंकडे बघून हसली.

बाईंना काही हसता येईना. त्यांनी शिकवलेल्यातलं एवढंच या विद्यार्थिनीच्या पक्कं ध्यानात राहिलं होतं, आणि त्यात तिची काडीची चूक नव्हती.