दोन देशांमधलं प्लायवुड

गल्लीत तिला सगळे चौकशी म्हणतात. तोंडावर चौकशीताई, पाठ फिरली की नुसतंच चौकशी. दूधवाल्यानं माप ओतलं की ही आत बोट बुडवून बघणार. कंडक्टरनं सुटे परत दिले की नाणं वाजवून घेणार. दारात येऊन कुणी गोड बोलायला लागलं की आधी त्याच्या चपलांकडे बघणार. "तोंड काहीही सांगतं," ती म्हणते, "माणूस कुठून चालत आला ते चपला सांगतात."

सासूबाई आल्यागेल्याला ऐकवतात, "लग्नात हिला बांगडी घातली, तर हिनं दातानं चावून बघितली."

"आणि पितळेची निघाली, तेवढं मात्र सांगत नाहीत," ही आतून म्हणते.

अशा बाईच्या पोटावर पाय आला तो पाण्यावरून. चौकात एक छोटं नर्सिंग होम आहे, तिथल्या चादरी आणि उशांचे अभ्रे ती घरी धुते, नीळ देते, इस्त्री करून परत पोचवते. आणि गल्लीचा नळ बंद पडला. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, चांगला महिना होत आला. कोपऱ्यावरच्या सार्वजनिक नळाचं तोंड कुणीतरी काढून नेलं आणि तिथं लोखंडी बूच बसवलं. मोठ्या रस्त्यावरच्या विहिरीवरून हंडे वाहून ती चादरी पिळत होती. पण पिवळेपणा राहायला लागला, उशीर व्हायला लागला. मेट्रनबाईंनी शेवटी सांगून टाकलं, "ताई, या महिन्याअखेरपर्यंत बघते. मग मशीनवाल्याकडे द्यावं लागेल. पेशंट चादरीवर झोपतात, माझ्या सहानुभूतीवर नाही."

पाणी सोडणारा चावीवाला गल्लीत आला तेव्हा बायकांनी त्याला घेरलं. तो म्हणाला, "मोठ्या रस्त्याखाली पाइप फुटलाय. या लाइनीत एक थेंब नाही. वरून मंजुरी आली की खोदू."

चौकशीनं त्याच्या चपला बघितल्या. दोन्हींना ओला चिखल. भर उन्हाळा, सगळीकडे धूळ उडतेय, आणि कोरड्या लाइनीवर काम करणाऱ्या माणसाच्या चपला ओल्या. तिची शंका दह्यासारखी असते, लागायला वेळ लागतो, पण मध्ये कुणी ढवळू नये.

त्याच सुमारास गल्लीपलीकडच्या सभागृहात प्रदर्शन लागलं. दारावर हा भलामोठा फलक: 'आपला देश आणि त्यांचा देश'. जगात माणसांची सगळ्यात जास्त गर्दी ज्या देशांत, त्यांतले हे दोन. एकाची हद्द दुसऱ्याला लागून, आणि एकाची नजर दुसऱ्याच्या ताटावर. कुणाकडे रणगाडे किती, पोलाद किती, धान्य किती, रेल्वे किती लांब, माणूस सरासरी किती वर्षं जगतो. भिंतीवर रंगीत पट्टे, आपले लाल आणि लांब, त्यांचे करडे आणि आखूड. पुरुष मंडळी त्या पट्ट्यांपुढे उभी राहून असे भांडत, जणू रणगाडे घरी अंगणात लावलेत.

मधोमध दोन खोल्या उभ्या केल्या होत्या. एक आपल्याकडच्या साध्या कुटुंबाची, एक त्यांच्याकडच्या. दोन्हींच्या मध्ये प्लायवुडची एकच भिंत. दोन्हींत एकेक गृहिणी बसवायची होती. हंडे वाहून चादरींचा धंदा भागत नव्हता, म्हणून चौकशी तिथं जाऊन उभी राहिली. काळ्या चष्म्याचे व्यवस्थापक तिला खालीवर बघत म्हणाले, "तुम्ही त्यांच्या देशात बसा."

"का?"

"चेहऱ्यावर समाधान दिसत नाही."

"समाधान पगारात धरलंय का?"

नव्हतं धरलेलं. आपल्या देशात बसायला त्यांनी एक नाटकातली बाई आणली होती, गोल चेहऱ्याची, हसली की खळी पडणारी. स्वभावानं चांगली होती बिचारी. पहिल्याच दिवशी प्लायवुडवर टकटक करून म्हणाली, "शेजारीण, तुमच्या देशात पंखा नाही, इकडे वाऱ्याला या."

चौकशीचं काम सोपं होतं. मळकट कपडे घालायचे, माणसं आली की हंडा घेऊन नळाशी जायचं, नळ फिरवायचा, पाणी येत नाही हे दाखवायचं, आणि सुस्कारा टाकायचा. घरी हे सगळं ती फुकट करत होती.

पण खोलीत पाऊल टाकल्याबरोबर तिची शंका लागायला लागली. तो तुटका पाय असलेला पाट तिच्याच घरातला होता. ती चिरलेली बादली, जिला तारेनं शिवलं होतं, ती तर शिवताना तिनं स्वतः धरली होती. गेल्या आठवड्यात भंगारवाला गल्लीत मोडक्या सामानाला चांगला भाव देऊन गेला होता, तेव्हाच तिला खटकलं होतं. त्यांच्या देशाची गरिबी दाखवायला यांनी आमचं सामान विकत घेतलं होतं.

घरी येऊन तिनं सांगितलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "माझा पाट परदेशी गेला म्हण की. आणि काय गं, त्यांची ती बाई आणि आपली ही बाई, दोघींची धुणी कुठं वाळत घालतात ते दाखवलंय का?"

"नाही."

"मग दोन्ही घरं खोटी."

प्रदर्शनात माहिती सांगायला कॉलेजातली एक मुलगी होती. पाठ केलेलं धडाधड म्हणायची. चौकशीनं तिला एकदा गाठलं. खांबामागे एक फलक भिंतीकडे तोंड करून ठेवलेला होता. "तो उलटा का?"

मुलीनं इकडेतिकडे बघितलं. "त्यात नळाच्या पाण्याचा पट्टा आहे, ताई. त्यांचा लांब निघाला. साहेब म्हणाले, रंगात चूक झालीय."

"म्हणजे तिकडे पाणी आहे?"

"आकडे तरी तसं म्हणतात."

"आकडे कुणी दिले?"

"त्यांच्याच सरकारनं."

"मग तेही वाजवूनच घे," चौकशी म्हणाली. "तिथंही कुणीतरी काळा चष्मा घालून बसला असेल."

मुलगी हसली, पण हिच्या डोक्यातून ते गेलं नाही. हद्दीच्या पलीकडेही असंच सभागृह असणार. तिथंही प्लायवुड. तिथल्या कुठल्यातरी बाईला सांगितलं असणार, तुम्ही त्यांच्या देशात बसा, म्हणजे आमच्या. ती तिथं आमच्या नावानं सुस्कारे टाकत असेल, आणि घरी तिच्या नळाला पाणी असेल की नसेल, हे कुणाला माहीत. तिला त्या न बघितलेल्या बाईचा एकदम राग आला, मग तो राग कुठं ठेवावा ते कळेना. कारण समोर चार बायका उभ्या राहून तिच्याकडे बघत, "बिचारी गं," म्हणत होत्या, आणि त्यांतली एक तिच्याच शेजारच्या गल्लीतली होती.

खरी शंका पडली ती कानातून. आपल्या देशाच्या खोलीत नळाला पाणी येत होतं. नाटकवाली नळ फिरवी, पाणी धो धो पांढऱ्या बेसिनमध्ये पडे, माणसं टाळ्या वाजवत. पण पाणी यायच्या आधी तो नळ खोकायचा. आधी एक कोरडा खोकला, मग घशात काहीतरी अडकल्यासारखी घरघर, मग एक मोठी उबळ, आणि मग पाणी. प्लायवुडच्या अलीकडे हंडा घेऊन बसलेल्या चौकशीचा हात जागच्या जागी थांबला. हा खोकला ती लग्न होऊन आल्या दिवसापासून ऐकत होती. गल्लीच्या नळाचा खोकला तो. त्याला पोरं 'आजोबा' म्हणायची. आजोबा खोकले की हंडे घेऊन पळायचं.

संध्याकाळी तिनं शेजारच्या प्लंबरला बोलावलं. तो तिला वहिनी म्हणतो आणि घाबरतो.

"वहिनी, नळ सगळेच खोकतात. हवा असते आत."

"सगळी म्हातारी माणसंही खोकतात. पण आपला सासरा अंधारातही ओळखू येतो की नाही?"

"साहेबांना जाऊन विचारा मग."

"विचारून काय मिळणार? उत्तर. मला पाणी पाहिजे." तिनं कपाटातून निळीची डबी काढली. "चावीवाला म्हणतो, आपली लाइन कोरडी आहे, मोठ्या रस्त्याखाली फुटलीय. बरोबर? मग कोपऱ्यावरचं बूच काढ आणि ही आत घाल. लाइन कोरडी असेल तर नीळ आतच पडून राहील. कुणाचं काही बिघडणार नाही."

"आणि नाही राहिली तर?"

"तर मग ती जिथून बाहेर येईल, तिथं आपलं पाणी."

त्या दिवसापुरतं प्रदर्शन बंद झालं होतं, म्हणजे सभागृहाचं पाणीही बंद, बूच काढलं तरी उसळणार नव्हतं. दिवेलागणीला, येणारेजाणारे बघत असताना, प्लंबरनं पाना लावला. कुणी विचारलं तर सासूबाई पायरीवर बसून सांगत होत्या, "गंज काढतोय." बूच निघालं. चौकशीनं नीळ फडक्यातून आत सोडली, प्लंबरनं बूच पुन्हा घट्ट बसवलं. तिचे तळवे निळे झाले. ते तिनं धुतले नाहीत. धुवायला पाणी कुठं होतं?

रात्रभर तिला स्वतःचीच शंका आली. उद्या बेसिनमध्ये पांढरं स्वच्छ पाणी पडलं तर? तर मग खोकला खोटा, चपला खोट्या, ती नुसतीच वेडी चौकशी, आणि महिनाअखेरीला चादरी मशीनवाल्याकडे.

सकाळी मोठे पाहुणे येणार होते, पाणीखात्याचे मुख्य आणि त्यांचे अधिकारी. म्हणून गर्दी होती. गल्लीतल्या बायकांना तिनं सांगून ठेवलं होतं, रिकामे हंडे घेऊन या, विचारलं तर म्हणा, प्रदर्शन बघायला आलो. पाहुणे आधी तिच्या खोलीत आले. तिनं नळ फिरवला, पाणी आलं नाही, तिनं सुस्कारा टाकला. त्या दिवशीचा तो सुस्कारा खरा होता. पाहुणे मान हलवत पुढच्या देशात गेले.

प्लायवुडपलीकडे आजोबा खोकले. घरघर. उबळ. आणि मग कुणीतरी, "अरे," म्हणालं.

पांढऱ्या बेसिनमध्ये निळंशार पाणी पडत होतं. नाटकवालीची खळी तशीच राहिली, हसू मात्र गेलं.

चष्मेवाले व्यवस्थापक काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. "साहेब, ही नवीन जंतुनाशक प्रक्रिया," ते म्हणाले. "पाणी आधी निळं, मग शुद्ध. त्यांच्याकडे अजून पोचलेली नाही." आणि पाहुण्यांनी खरंच कौतुकानं मान डोलावली. एकानं टाळी वाजवली. दुसऱ्यानं वाजवली.

चौकशीचं डोकं सणकलं. ती आपला देश, म्हणजे त्यांचा देश, सोडून उठली आणि प्लायवुडला वळसा घालून इकडे आली.

"तुमची जागा तिकडे आहे," व्यवस्थापक दात आवळून म्हणाले.

"पाणी इकडे आहे," ती म्हणाली. तिनं दोन्ही तळवे पाहुण्यांपुढे उघडले, निळे. "साहेब, ही प्रक्रिया मी केलीय. माझ्या चादरींची नीळ आहे ती. काल संध्याकाळी आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर, बूच काढून आत टाकली. तुमचा चावीवाला म्हणतो, त्या पाइपात महिनाभर थेंब नाही. मग माझी नीळ इथवर चालत आली का?"

पाहुण्यांनी व्यवस्थापकांकडे बघितलं. व्यवस्थापकांनी नळासाठी मुद्दाम बोलावून ठेवलेल्या चावीवाल्याकडे बघितलं. चावीवाल्यानं स्वतःच्या चपलांकडे बघितलं.

"तात्पुरती सोय होती," तो पुटपुटला. "प्रदर्शनापुरती. मला वरून सांगितलं."

"किती वरून?" चौकशीनं विचारलं. याचं उत्तर अजून आलेलं नाही.

बायकांनी उत्तराची वाट बघितली नाही. त्या हंडे घेऊन आपल्या देशाच्या नळाला लागल्या, रांगेत, शिस्तीत, निळं तर निळं. नाटकवालीनं कुणी न सांगता एकेकीचा हंडा धरून भरून दिला. माहिती सांगणारी मुलगी खांबामागे गेली आणि तो उलटा फलक सुलटा करून आली. वर्तमानपत्राचा माणूस फोटो काढत होता, म्हणून पाहुण्यांना तिथल्या तिथं म्हणावं लागलं, "गल्लीचं पाणी आजच्या आज सोडा."

संध्याकाळी कोपऱ्यावर नवं तोंड बसलं. आजोबा खोकले, आधी फिकं निळं आलं, मग स्वच्छ. सभागृहात दोन्ही देशांचे नळ कोरडे पडले. प्रदर्शनातली नोकरी गेली हे वेगळं सांगायला नको. दुसऱ्या दिवशी चादरी नेऊन दिल्या तेव्हा मेट्रनबाईंनी उजेडात धरून बघितल्या आणि म्हणाल्या, "या पांढऱ्या आहेत. राहू दे तुमच्याकडेच."

घरी सासूबाई पायरीवर पाय धूत बसल्या होत्या, खुशीत. "झालं ना आता समाधान? जरा हस."

चौकशी नळाशी उभी होती. धार नेहमीपेक्षा जाड होती. या गल्लीच्या नळाला एवढी जाड धार कधीच नव्हती.

"आई," ती म्हणाली, "मागच्या गल्लीत आज पाणी आलं का, कुणाला विचारलंत?"

"तुला काय करायचंय त्यांचं?"

तिनं हंडा बाजूला ठेवला, पदराला हात पुसले आणि निळीची डबी उचलून मागच्या गल्लीकडे चालू लागली.