बुधवारचा हिरड्यांचा बाक

तीस वर्षं वार्ताहर म्हणून काढली. ग्रामसभांतल्या हाणामाऱ्या पाहिल्या, खाणींच्या सुनावण्या ऐकल्या, पुढाऱ्यांशी भांडलो. एवढ्या काळात जमले नाहीत तेवढे किस्से गेल्या वर्षभरात डिचोली बाजारातल्या एका दाताच्या दवाखान्यात, पहिल्या मजल्यावरच्या लाकडी बाकावर बसून जमले! कारण साधं आहे. पत्रकारासमोर माणूस सावरून बोलतो. पण हिरडी सुजलेला माणूस दुसऱ्या हिरडी सुजलेल्या माणसाशी काहीही बोलतो.

हा बाक फक्त बुधवारी भरतो. त्या दिवशी फोंड्याहून डॉक्टर अनघा येते. ती फक्त हिरड्या बघते. वयाने माझ्या मुलीएवढी, बोलायला माझ्या पहिल्या संपादकासारखी!

बाकावर आम्ही चौघे कायमचे. मी, मुळगावला राहणारा ट्रक ड्रायव्हर गुणाजी, नार्व्याची शेवंतीमावशी आणि देवळात सनई वाजवणारा रामनाथबाब. चौघांचा आजार एकच आणि चौघांचाही फार पुढे गेलेला. म्हणजे हिरडीखालचं हाड झिजलेलं, दात हलायला लागलेले. आम्हा तिघांचे दात पडले असते तर खाण्याचे हाल झाले असते, एवढंच. रामनाथबाबाचे पुढचे चार पडले असते तर त्याची सनई गेली असती.

*

आधी माझीच फजिती सांगतो.

सकाळी चहाबरोबर पोई, आमचा तो कोंडा लावलेला पाव, खाल्ली की तिला लाल डाग पडायचा. बायको विचारायची, मी म्हणायचो, "ब्रश जोरात लागला." पाच वर्षं रोज ब्रश जोरात लागत होता! दुसऱ्या कुणी असं उत्तर दिलं असतं तर मी पहिल्या पानावर त्याचे वाभाडे काढले असते.

डॉक्टरने एक्स-रे दिव्यावर लावला. दातांच्या मधलं हाड पायऱ्या-पायऱ्यांनी खाली उतरलेलं. हे चित्र कुठेतरी पाहिलंय, असं वाटत होतं. मग आठवलं. मी म्हटलं, "ही तर आमची मुळगावकडची खाण!"

ती हसली नाही. म्हणाली, "बरोबर ओळखलंत. खाण मी बंद करू शकते. गेलेला डोंगर परत आणून देऊ शकत नाही."

वीस वर्षं मी डोंगर गेले, डोंगर गेले म्हणून लिहीत होतो. आणि माझ्याच तोंडात रात्रपाळी चालू होती!

*

पहिल्या तपासणीत डॉक्टर एक बारीक सळई हिरडी आणि दाताच्या फटीत घालून खोली मोजते. मिलिमीटरचे आकडे मोठ्याने सांगते, नर्स लिहून घेते. दार अर्धवट उघडं असतं, त्यामुळे निकाल सगळ्या बाकाला कळतो.

गुणाजी मूळचा सावंतवाडीकडचा. खनिजाचा ट्रक चालवायला इकडे आला आणि इथलाच झाला. मोजणी संपवून तो छाती काढून बाहेर आला.

"माझे नऊ इले! तुमचे कितके, पत्रकारानु?"

"सात."

"सातच? अभ्यास कमी पडलो तुमचो!"

आतून डॉक्टर ओरडली, "गुणाजी, इथे एक, दोन, तीन म्हणजे पास. नऊ म्हणजे नापास!"

गुणाजी बाकावर मटकन बसला. "शाळेत माका एक, दोन, तीनच पडत, तेव्हा मास्तरान नापास केल्यान. आता नऊ पडले, तर हयसर पण नापास?"

*

गुणाजीला मधुमेहही आहे. साखर वाढली की हिरड्या बिघडतात, हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात येत नाही. डॉक्टरने हे त्याला चित्र काढून समजावलं होतं. तरी गणेश चवथीनंतरच्या बुधवारी त्याची साखर आभाळाला टेकलेली!

"नेवऱ्या खाल्ल्या? त्या गोड करंज्या?" डॉक्टरने विचारलं.

"बाय, खोटा कित्याक सांगू? खाल्लंय. पण फक्त देवाक दाखवलेलेच."

"मग गोळ्या?"

गुणाजीने कान पकडले. चवथीच्या धावपळीत गोळ्या राहिल्या होत्या.

"पुढच्या वर्षी," डॉक्टर म्हणाली, "गोळ्यांची पट्टी पण देवाला दाखवा. म्हणजे ती तरी खाल!"

त्याने ते इतकं मनावर घेतलं की त्या संध्याकाळपासून पट्टी देव्हाऱ्यातच ठेवतो. दिवा लावला की गोळी. तीन महिन्यांनी साखर खाली, हिरडीतून येणारं रक्त बंद. मी अग्रलेख लिहून जे करू शकलो नसतो ते देव्हाऱ्याच्या एका फळीवर झालं.

*

शेवंतीमावशीचं दुखणं मशेरीचं. तंबाखू भाजून केलेली काळी पूड, चाळीस वर्षं दिवसातून तीन वेळा हिरडीला चोळलेली.

डॉक्टर म्हणाली, "मावशी, हिरडी उघडून आतून साफ करावी लागेल. आणि मशेरी सुटल्याशिवाय त्याचा उपयोग नाही."

मावशी म्हणाली, "देवाक विचारून येतां."

आमच्याकडे देवाचा प्रसाद घेतात. मूर्तीला फुलांच्या पाकळ्या लावायच्या, मनातलं विचारायचं आणि वाट बघायची. उजवी पाकळी पडली तर देवाचा होकार. पुढच्या बुधवारी मावशी आली, चेहरा उजळलेला.

"उजवी पडली बाय! कर ऑपरेशन."

"आणि मशेरीचं काय म्हणाला देव?"

"तें विचारूंक ना."

"का हो?"

"तो कितें सांगतलो तें म्हाका खबर आसा! उगाच त्याला कशाला तोंड उघडायला लावू?"

मी तिला भाषण देणार होतो. आवेशही चढला होता. तेवढ्यात ती आपणहून बोलायला लागली. नवरा गेला तेव्हा पोरं लहान होती. पहाटेपासून भाताचं शेत, गुरं, सासू. मशेरी चोळायला मागल्या दारी बसायची ती पाच मिनिटं, तेवढी दिवसभरात तिची स्वतःची. तोंडात पूड असली की बोलता येत नाही, म्हणून कुणी हाकही मारत नसे.

मी भाषण बाजूला ठेवलं आणि तिच्यासाठी पाणी आणलं.

दोन आठवड्यांनी तिने पत्र्याची डबी डॉक्टरच्या टेबलावर आपटली. उघडून पाहिली तर काठोकाठ भरलेली!

"ही तर भरलेली आहे, मावशी!"

"मगे! रिकामी आणली असती तर तू म्हटलं असतंस, संपली म्हणून दिली."

आता ती मागल्या दारी बसून दातांच्या फटींत बारीक ब्रश फिरवते. पाच मिनिटं. घरच्यांना ताकीद आहे, तेव्हा हाक मारायची नाही.

*

मध्यंतरी पेडण्याला एका पुढाऱ्याच्या वाढदिवसानिमित्त दंत आरोग्य शिबिर होतं. बातमी करायला गेलो. मंडप, फलक, हार. टूथब्रश वाटण्याचा फोटो तीन वेळा काढला, कारण दोनदा पुढारी हसला नव्हता. कार्यक्रम संपल्यावर पाहुण्यांच्या हातात काय ठेवलं? खाजें! जत्रेत मिळतं ते, गुळात घोळलेलं, दगडासारखं कडक. दातांच्या शिबिरात!

माझं डोकं फिरलं. उभा राहिलो आणि विचारलं, "ब्रश वाटलेत, छान केलंत. पण ज्यांचे दात आताच हलतायत त्यांनी जायचं कुठे? या तालुक्यात हिरड्यांवर इलाज करणारा डॉक्टर आठवड्यातून किती दिवस बसतो?"

"पत्रकारांना नेहमी वाईटच दिसतं," पुढारी म्हणाला. टाळ्या पडल्या.

मी तणतणत गाडीपाशी आलो. पाठीमागून कुणीतरी खांद्यावर हात ठेवला. पुढारीच! एकटा होता. आजूबाजूला बघून त्याने खालचा ओठ बोटाने ओढून दाखवला. हिरडी लालभडक, दोन दात वाऱ्यावर.

"ती तुमची डिचोलीची डॉक्टर," तो कुजबुजला, "तिथे मागच्या दाराने येता येतं का?"

मी छापणार होतो, शपथेवर सांगतो. पण त्याच्या डोळ्यांत जी भीती होती ती मी पाच वर्षं आरशात पाहिली होती. नुसता वार सांगितला आणि बजावलं, "जिना एकच आहे."

*

आता रामनाथबाब. साठीच्या आसपासचा, सडपातळ, कमी बोलणारा. देवळात सनई वाजवण्याची सेवा त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या. खालचे पुढचे चार दात असे हलायचे की बोलताना जिभेला जाणवत. सनईची पत्ती ओठांत धरतात आणि ओठाला मागून टेकू असतो दातांचा. टेकू डळमळला की सूर डळमळतो. दीड वर्ष तो हे लपवत होता. तार सप्तकात जायची वेळ आली की मान खाली घालायचा. लोकांना वाटायचं, तल्लीन झालाय!

तो पहिल्यांदा आला तेव्हा देवाची पालखी बाजारातून निघायला तीन महिने होते; पालखीपुढे त्याचीच सनई असते आणि ती ऐकली की घरोघरची माणसं आरतीचं ताट घेऊन बाहेर येतात. डॉक्टरने त्याच्या हिरड्या खोलवर साफ केल्या, सूज उतरू दिली आणि मग ठरवलं की ते चार दात शेजारच्या घट्ट दातांना पातळ तारेने आतून बांधायचे.

ती तार वळवत होती. तोंड उघडं ठेवून रामनाथबाब आरशात बघत होता. एकदम त्याने हात वर केला. डॉक्टर घाबरली.

"दुखलं?"

"ना. गाठ चुकली."

"काय?"

"आधी पीळ दे, मग ओढ. मी पत्तीला दोरा बांधतो तसा. तू आधी ओढतेस, मग पीळ देतेस. सुटेल तें."

कॉलेजात सुवर्णपदक मिळवलेल्या त्या मुलीने गाठ नीट निरखली. मग तिने तार सोडवली आणि त्याने सांगितलं तशी बांधली. बाहेर येऊन आम्हाला म्हणाली, "खरंच घट्ट बसली हो!"

*

पण पालखी जवळ आली तशी दुसरीच भानगड निघाली. दवाखान्याच्या खाली कापडाचं दुकान आहे. दुकानदार देवळाच्या समितीवर. त्याने बैठकीत मांडलं की रामनाथला उगाच त्रास नको, यंदा पेन ड्राइव्हवर सनई लावूया, स्पीकर चांगले आहेत. सगळ्यांनी माना डोलावल्या. ठरलं एवढंच, की येत्या गुरुवारपर्यंत रामनाथने वाजवून दाखवलं तर ठीक, नाहीतर पेन ड्राइव्ह.

मला हे कळलं आणि मी पेटलो. "नावानिशी छापतो! देवाच्या पुढे पेन ड्राइव्ह?"

रामनाथबाबाने माझा हात धरला. "देवळाची गजाल पेपरात नको, भाऊ."

"मग गप्प बसू?"

"माणूस वाईट नाही तो. त्याची आई माझी सनई ऐकत म्हातारी झाली. त्याला वाटतं, मी लोकांसमोर फसलो तर मला लागेल." माझा हात सोडून म्हणाला, "लागेल, तें खरं आसा."

मग तो उठला आणि जिना उतरून गेला.

*

गुरुवारच्या आदल्या दिवशीचा बुधवार. तार बसून दोन आठवडे झाले होते. आता हळूहळू फुंकायला हरकत नाही, असं डॉक्टरने सांगितलं होतं. रामनाथबाब पिशवीतून सनई घेऊन आला.

"घरी वाजवून पाहिलं?" मी विचारलं.

"ना."

"का?"

"घरी वाजली नाही, तर घरच्यांची तोंडं बघायला लागतील."

डॉक्टरने हातातलं काम थांबवलं. शेवंतीमावशी खुर्चीवर होती, गळ्यात निळा कागद अडकवलेली. ती तशीच बाहेर येऊन बाकावर बसली. गुणाजीने खिडकी उघडली.

रामनाथबाबाने पत्ती ओलावली, ओठांत धरली, फुंकली. नुसती हवा! त्याने पत्ती काढली, पुसली, पुन्हा लावली. एक सूर निघाला, चिरका, आणि तुटला. कपाळावर घाम आला. डॉक्टरने त्याच्या हनुवटीला हात लावून दात तपासले. "तार शाबूत आहे. ओठाला सवय नाही अजून. घाई करू नका."

"उद्या गुरुवार, बाय."

तिसऱ्यांदा सूर लागला आणि टिकला. मग वर गेला. मान खाली न घालता गेला! थांबून त्याने आमच्याकडे पाहिलं.

"पूर्वीसारखो आसा?"

काय सांगणार? डॉक्टर फोंड्याची, तिने त्याला कधी ऐकलेला नाही. गुणाजीचा कान हॉर्नने गेलेला. मी पालखीत असतो तो वही घेऊन, गर्दी मोजत. शेवंतीमावशीचं देऊळ वेगळं. आम्ही सगळे एकदम म्हणालो, "मस्त!" आणि त्याला कळलं की आम्हाला काही कळत नाही.

तो हसला. पहिल्यांदाच दात दिसले. मग डोळे मिटून त्याने पालखी बाजारात शिरताना वाजतं ते पद धरलं. लांबलचक, सावकाश. खिडकीतून ते खाली रस्त्यावर गेलं. कुणाच्या तरी स्कूटरचं इंजिन बंद झालं. मावशीने गळ्यातल्या निळ्या कागदासकट हात जोडले. डॉक्टर सळई हातात धरून उभीच होती.

पद संपायच्या आत जिन्यावर पावलं वाजली. सावकाश, एकेक पायरी. दार उघडलं. कापडवाल्याची म्हातारी आई, डोक्यावर पदर, हातात आरतीचं ताट. निरांजन पेटवलेलं, एका हाताने वारा अडवलेला. दम लागलेला.

तिच्या मागे, नारळ घेऊन, अनवाणी, समितीवाला मुलगा!

म्हातारीने आमच्या तोंडांकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं, बाकाखाली वाकून पाहिलं आणि डॉक्टरला विचारलं,

"पालखी खंय गो उतरली?"