मकमोदच्या वेलीचं नाव

माझ्या तोंडाला कुलूप नाही, असं माझी बायको राजश्री लग्नापासून म्हणते. ती कंधारला, मी दोह्यात, त्यामुळे हल्ली तिला त्याचा त्रास नाही. भोगलं ते मकमोदने.

मकमोद फिलिपिन्सचा, मारावीचा. महमूद या नावाचं त्यांच्याकडे मकमोद होतं. आमच्या सुतारकामाच्या कारखान्यात फिलिपिनो पुष्कळ, पण बहुतेक चर्चला जाणारे. हा पाच वेळा नमाज पढणारा. त्यामुळे फिलिपिनो त्याला आपला मानत नसत, आणि बाकीचे नमाजी त्याला पहिला कलमा विचारून खात्री करून घेत. तो दरवेळी न चिडता म्हणून दाखवायचा. चीड मला यायची.

माझं काम जाळीचं. पट्ट्या एकमेकींत अडकवून आठ टोकांच्या चांदण्या करायच्या, खिळा मारायचा नाही. आतल्याला बाहेरचं दिसतं, बाहेरच्याला आतलं दिसत नाही. अरबी घरांची ही जुनी युक्ती. मकमोदचं काम कोरीव. जेवताना तो तोरोगानबद्दल सांगायचा. तोरोगान म्हणजे त्यांच्याकडच्या सरदाराचं लाकडी घर. खांब अख्ख्या झाडाएवढे, पण जमिनीत पुरलेले नाहीत, गोल दगडांवर नुसते टेकवलेले. भूकंप झाला की घर डोलतं आणि परत जागेवर येतं. तुळयांची टोकं होडीच्या नाळेसारखी बाहेर आलेली, त्यांवर कोरलेली वेल. असं एक घर त्याच्या आजोबांनी कोरलं होतं. मारावीत लढाई झाली त्या वर्षी ते जळालं. फोटोसुद्धा उरला नाही. ती वेल जाणणारा मकमोद एकटा राहिला. बायको-मुली अजून निर्वासितांच्या पत्र्याच्या खोलीत होत्या, आणि त्यांना तिथून बाहेर काढायचं तर त्याला ही नोकरी टिकवणं भाग होतं.

गेल्या वर्षी अल थुमामातल्या एका व्हिलाच्या नमाजाच्या खोलीचं दार आमच्याकडे आलं. जाळी माझी, चौकटीवरची पट्टी मकमोदची. अकरा आठवडे तो त्या पट्टीवर वाकून आजोबांची वेल कोरत होता. या पट्टीला आमच्याकडे गणेशपट्टी म्हणतात. आमचे सुपरवायझर उस्मानभाई रत्नागिरीचे, त्यांना ते ठाऊक. "तो शब्द अरबाबसमोर नको हां, संपत," त्यांनी मला बजावलं. मालकाला इथे अरबाब म्हणतात; हे त्या व्हिलाचे. मी तो शब्द गिळून टाकला आणि स्वतःवर खूश झालो.

अरबाब काम बघायला कारखान्यात आले. वयस्कर, शांत माणूस. वेलीवरून बोट फिरवत "माशाल्ला" म्हणाले आणि या नक्षीला काय म्हणतात, ते विचारलं.

"नागा," मकमोद म्हणाला.

मला परक्या मुलखात गावचं कुणी भेटल्यासारखं झालं. सहा वर्षांत त्याच्या भाषेतला एक तरी शब्द मला कळला होता. "हमारे यहाँ भी नाग ही बोलते हैं, साहब. साप. हम पूजा करते हैं उसकी, पूरा त्योहार होता है."

अरबाबना हिंदी उत्तम कळत होती. त्यांनी वेलीवरचं बोट उचललं. उस्मानभाईंनी डोळे मिटले.

"साप नहीं," मकमोद म्हणाला. "पत्ता है. नाम पुराना है बस."

पण वेलीच्या टोकाला एक वळसा होता, आणि आता तो मलाही फण्यासारखा दिसायला लागला. अरबाब ओरडले नाहीत. उस्मानभाईंशी अरबीत चार वाक्यं बोलून निघून गेले.

"नमाजाच्या खोलीत जनावराचं चित्र चालत नाय, हे लहान मूलपण सांगेल," उस्मानभाई मला म्हणाले. "आजच्या आज रंधा मारून पट्टी सपाट करा, म्हणतात. नायतर काम रद्द. काम रद्द झालं तर मॅनेजर मकमोदला घरी पाठवणार. कशाला बोललास रे?"

मी मॅनेजरकडे धावलो. म्हटलं, माझं चुकलं, आमच्या भाषेत नागा म्हणजे खाडा, कामाला न येणं. हेही खरंच होतं. त्याने माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं. "यल्ला, चलो, काम करो," म्हणाला. मी हात जोडले, रडलोसुद्धा. त्याने फोन उचलला आणि मला हाताने दार दाखवलं.

परत आलो तर मकमोद पट्टीपाशी उभा होता. "रंधा मार," मी म्हटलं. "लाकूडच आहे. पुन्हा कोरशील."

"मेरे से नहीं होगा," तो म्हणाला. "तुम करो."

मी रंधा घेतला. दुसरा कुणी असता तर बरं झालं असतं, पण दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची माझी छाती नव्हती. पट्टी हलू नये म्हणून त्याने दुसरं टोक धरलं आणि मान फिरवली. पहिल्या काही ढलप्यांवर पानांच्या कडा तशाच्या तशा उतरल्या. मग साधं सागवान लागलं. आमचे मोबाइल कारखान्याच्या दारावर जमा असतात, नाहीतर निदान फोटो काढला असता.

नोकरी वाचली. दारावर ती सपाट पट्टी बसली. मकमोद आता कोरणं सोडून मशीनवर माझ्यासाठी पट्ट्या कापतो. "त्याचं पोट शाबूत आहे ना, मग खलास, विसर," उस्मानभाई म्हणतात.

परवाच्या शुक्रवारी मी खोलीवर त्याच्यापुढे कागद आणि पेन्सिल ठेवली. काढ म्हटलं, माझ्यासाठी काढ. त्याने पहिलं वळण झरकन काढलं, दुसरंही. तिसऱ्यापाशी पेन्सिल थांबली. खोडलं, पुन्हा काढलं, पुन्हा खोडलं. कागद फाटायला आला तेव्हा त्याने वर बघितलं.

"इसके बाद किधर जाता है, संपत?"

तो खरंच विचारत होता. त्याने मान फिरवली होती तेव्हा ती वेल शेवटची बघणारा मी होतो, आणि माझं सगळं लक्ष रंध्याच्या पात्याकडे होतं.