इंजिनचं हँडल

आमच्या घराच्या मधल्या खोलीत, देवांच्या फोटोशेजारी, एका खिळ्याला लोखंडी हँडल टांगलेलं आहे. जुन्या ऑइल इंजिनचं. इंजिन कधीच भंगारात गेलं, मी ते पाहिलेलंही नाही. हँडल मात्र राहिलं. दसऱ्याला विळा-कोयत्याबरोबर आबा त्यालाही हळदकुंकू लावतात. एखादा पावणा विचारतोच, "हे काय हो?" मग आबा मांडी बदलून बसतात आणि सांगतात. ह्या हँडलानं त्यांनी सख्ख्या धाकट्या भावाचा गुडघा फोडला.

तो भाऊ, म्हणजे तात्या, आमच्यापासून चाळीस पावलांवर राहतो. मध्ये निवडुंगाचं कुंपण आहे. तात्या आजही पाय ओढत चालतात. माझा बाप कळता नव्हता तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं नाही.

मी ह्या गोष्टीवर वाढले. डिंगोऱ्याच्या अलीकडे आमचं गाव. तिथल्या शाळेत तिसरीत असताना तात्यांच्या नातवाच्या डोक्यात मी पाटी घातली होती. "तुझा आजा कुणी लंगडा केला? माझ्या आबानं!" त्याच्या कानामागून रक्त आलं. बाईंनी मला उन्हात उभं केलं. घरी आल्यावर आबांनी मला गुळाचा खडा दिला. लाज वाटली असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला तेव्हा गूळ गोड लागला.

पुढे मी जुन्नरला जाऊन बी.ए. केलं, इतिहास घेऊन. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेलं माणूस नव्हतं, पोरगी तर नव्हतीच. त्याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. पदवीचा कागद आणला त्या दिवशी आबांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "आता माझं लिही. समदं. जत्रंच्या दिशी भावकी जमती, तिच्यापुढं वाच. मी मेल्यावर कोण सांगनार, मी काय व्हतो ते?"

पुस्तक मी घरीच केलं. कॉलेजच्या वह्यांतली मागची कोरी पानं काढली, ठिबकच्या पाइपांच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, आणि कांद्याच्या गोणी शिवायच्या दाभणानं, त्याच सुतळीनं शिवलं. पाठीवर टाके असे मोठमोठे आले, की आबा म्हणाले, "पन्नास किलो भरतील ह्यात."

सकाळी गोठा झाला की ते सांगायचे आणि मी लिहायची. आबांच्या आयुष्यात मऊ असं काही नव्हतंच. मास्तरांनी बाभळीच्या शिरपुटीनं पाठ सोलली, म्हणून मास्तरांच्या मनगटाला चावून ते शाळेतून पळाले ते कायमचे. मारक्या बैलानं मांडीत शिंग घातलं, तर जखमेत चुना भरून तिसऱ्या दिवशी त्याच बैलाला औताला धरलं. डिंभ्याला धरणाच्या कामावर होते तेव्हा सुरुंग उशिरा उडाला. शेजारच्या गड्याची तीन बोटं उडाली. आबांनी ती दगडांतून शोधून रुमालात बांधून दिली. "त्याला वाटलं डॉक्टर चिकटवील. मला ठावं व्हतं न्हाई चिकटवनार. पर हातात काय तरी द्यायला पायजे ना मानसाच्या." वासराला धरलेल्या बिबट्याच्या तोंडावर त्यांनी पेटता टेंभा मारला होता. ते सांगताना अंगणातल्या कुत्र्यालाही त्यांनी काठी हाणली, उगाच, जोर दाखवायला.

मग विहीर आली.

वाटणी झाली तेव्हा शेत दोघांत गेलं, विहीर सामाईक राहिली. घड्याळ कुणाकडे नव्हतं. विहिरीच्या काठी मोटेच्या वेळचा दगडी खांब आहे. त्याची सावली थारोळ्यावरच्या, म्हणजे मोटेचं पाणी पडायच्या दगडी कुंडावरच्या, छिन्नीच्या खुणेवर आली, की थोरल्याचं पाणी बंद आणि धाकट्याचं सुरू. भावकीनं तसं ठरवून दिलेलं. सात वर्षं सुरळीत चाललं. मग एका माघात चार दिवस आभाळ आलं. कांदा पोसायला लागलेला, पाणी तर हवं, आणि सावली नाही.

"त्यो कोयता घिऊन आला," आबा म्हणाले. "तोंडावर आला माझ्या. म्हनला, पानी सोड न्हाईतर मुंडकं सोड. इंजिन चालू केलेलं, हँडल माझ्या हातातच व्हतं. दिलं ठेवून गुडघ्यावर. वाळलं लाकूड मोडावं तसा आवाज आला. चिखलात पडला आन् गुरासारखा हंबरला. मी काय केलं? मी कांद्याचं दारं मोडलं आन् पुढचा वाफा भरला."

मी सगळं लिहून घेतलं. ही गोष्ट मला पाठच होती.

पण मी इतिहासाची विद्यार्थिनी. वाटलं, ती खूण डोळ्यांनी बघावी, थारोळ्याचं चित्र काढावं. दुपारी वही घेऊन विहिरीवर गेले. खूण होती, शेवाळाखाली. बोटानं खरवडत होते तर मागून आवाज आला.

"काय मोजतीस, पोरी?"

तात्या होते. त्यांनी माझ्याशी बोललेला आयुष्यातला पहिला शब्द. खोटं बोलावंसं वाटलं नाही. म्हटलं, "आबांचं पुस्तक लिहितेय. तुमच्या पायाचं आलंय त्यात."

ते हसले. दात नव्हते फार. "आन् कोयता बी आलाय का?"

"आलाय."

"कांद्याच्या पान्याला कोयता घिऊन कोन येतंय गं? ऊस तरी व्हता का आमच्यात?" त्यांनी काठी खांबाला टेकवली. "मी हितं आलो. म्हनलं, दादा, झाली तुझी पाळी. त्यो म्हनला, न्हाई झाली. मी इंजिन बंद केलं आन् हितं पाटावर वाकून चूळ भराय लागलो. बास."

मग त्यांनी पाठ फिरवून धोतर गुडघ्यापर्यंत वर घेतलं. व्रण होता. पांढरा, वीतभर, खड्डा पडलेला. गुडघ्याच्या पुढे नाही, मागे, पाय मुडपतो तिथे.

"हे बी वाच तुझ्या आबापुढं," म्हणाले आणि पाय ओढत गेले.

घरी येऊन मी आबांपुढे बसले आणि सरळ विचारलं, "आबा, घाव मागून कसा?"

ते ताकाचा तांब्या घेऊन बसले होते. "कोन म्हनलं मागून?"

"मी पाहिला."

तांब्या कधी सुटला ते कळलं नाही. माझ्या भुवईवर बसला. ताक, रक्त, सगळं एकदम डोळ्यात गेलं. आबा उभे राहून ओरडत होते, "शिकीवली ती ह्यासाठी? आज्याला आरोपी करायला? त्या लंगड्याचं खरं आन् माझं खोटं?" त्यांनी वही उचलली, विहिरीची पानं धरून ओढली. सुतळी तुटेना. गोणीचे टाके, ते कुठले तुटतात? मग त्यांनी पानंच फाडली आणि चुलीत घातली.

आईनं जखमेत हळद दाबली. बाप म्हणाला, "म्हाताऱ्याच्या मनासारखं लिहून टाक की. काय जातंय तुझं?"

"पाटी मी मारली होती, तुम्ही नाही," मी म्हटलं. त्याला कळलं नाही. मलाही तेव्हा नीट सांगता आलं नसतं. ज्या गोष्टीवर मी एका पोराचं डोकं फोडलं ती खोटी निघाली, तर ती माझ्या अक्षरात मी पुन्हा कशी लिहू?

मी त्या जागी कोरी पानं शिवली. आबांना सांगितलं, "बाकीचं वाचीन. हे तुम्ही सांगाल तेव्हा. खरं सांगाल तर. नाहीतर कोरं राहील, आणि जत्रेत मी म्हणेन, इथं कोरं आहे."

नऊ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. माझ्या हातचा चहा लाथाडला. एकदा हँडल खिळ्यावरून काढून मांडीवर घेऊन बसले, आणि खरं सांगते, मला भीती वाटली. दहाव्या सकाळी गोठ्यातून हाक आली, "मास्तरीण! वही आन."

ते शेणाची पाटी पालथी घालून तिच्यावर बसले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मागून मारलं. लिही. पुढून मारलं असतं तर त्यानं मला आडवा केला असता. त्यो पैलवान गडी, माझ्यापरीस लई ताकदीचा. वाकून पानी पीत व्हता. मला वाटलं, हीच येळ हाय."

"आणि पाळी कुणाची होती?"

आबांनी म्हशीपुढं वैरण सरकवली.

"आभाळ व्हतं गं. सावलीच नव्हती. कुनाची व्हती ते मला आजपतूर ठावं न्हाई."

मी शब्दाला शब्द लिहिलं. त्याखाली तांब्याचंही लिहिलं, भुवईसकट. वाचून दाखवल्यावर आबा म्हणाले, "ते कशाला?"

"झालं ना?"

"झालं."

"मग?"

"ऱ्हाऊ दे," म्हणाले, आणि पुस्तकाच्या पाठीचे टाके दाबून बघायला लागले.

जत्रेच्या दिवशी अंगणात भावकी बसली. आळे गावचे पावणे आले होते. कुंपणापलीकडे तात्या आपल्या ओट्यावर होते, दरवर्षीसारखे पाठ करून. मी मास्तर वाचले, बैल वाचला, डिंभ्याची बोटं वाचली. लोक हसत होते, वाहवा म्हणत होते. विहीर आली तसे आबा म्हणाले, "मोठ्यानं वाच."

मी मोठ्यानं वाचलं. हसणं थांबलं. एक पावणा हातातला पेढा तसाच धरून बसला. "वाकून पानी पीत व्हता" इथवर आले आणि निवडुंगाच्या पलीकडून, पाठमोराच, आवाज आला.

"पानी नव्हतो पीत. चूळ भरत व्हतो."

माझ्या बापानं आबांच्या हाताकडे पाहिलं, मीही पाहिलं. शेजारी काठी होती. आबांचा जबडा वरखाली होत होता, जणू काहीतरी कडक चावत होते.

"चूळ," शेवटी ते म्हणाले. माझ्याकडे नाही, कुंपणाकडे बघून. "लिही. चूळ."

तात्या उठले आणि पाय ओढत घरात गेले. त्यांनी दार लावलं. मी तिथेच, सगळ्यांसमोर, 'पानी पीत' खोडलं आणि वर 'चूळ भरत' लिहिलं, आणि पुढचं वाचायला लागले.